नळीच्या वाकात

४ फेब्रुवारी

आजी,

पत्र तुला आहे, पण वाचून दाखवणार आजोबा आणि तुझं उत्तर लिहिणारही तेच. म्हणून तर पत्र. फोन लावला की ते अंगणात निघून जातात, गाडीचं नाव काढलं की त्यांना दुसऱ्याच बाजूचं ऐकू येतं. तू सांगितलेला शब्द मात्र त्यांना लिहावाच लागतो. तिथून कुठे जातील?

त्यांची जुनी मोटरसायकल टेम्पोत घालून इथे गॅरेजात आणली, त्याला आज महिना झाला. ती दुसऱ्या किकला सुरू होते. आवाज असा, की शेजारचा वेल्डर काम टाकून बघायला येतो. बरोबर आठ मिनिटांनी मात्र गुदमरते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा आठ मिनिटं. कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतला. काही फरक नाही.

मालक म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत ही चालू झाली तर जुन्या गाड्यांचं सगळं काम तुझं. नाही झाली तर गाडी उचल, आणि तुझं काय ते तूही ठरव." तिकडे मामाने औषधाच्या दुकानात माझ्यासाठी जागा धरूनच ठेवली आहे. रोज विचारतो, आईकरवी.

आजोबांनी सहा वर्षांपूर्वी याच गाडीपायी दुरुस्तीचं काम सोडलं, हे मला माहीत आहे. त्यांना विचारायला धीर होत नाही. पण ही गाडी त्यांच्याइतकी कुणाला माहीत आहे?

तुझी,
खटपटी


९ फेब्रुवारी

चि. खटपटीस आजीचे आशीर्वाद.

आशीर्वाद माझे, अक्षर ह्यांचं. पत्र वाचून दाखवताना तुझ्या आजोबांचा आवाज "आठ मिनिटं" ह्या शब्दांपर्यंत ठीक होता. पुढे त्यांना खोकला आला. वाचून झाल्यावर मी विचारलं, काय सांगू पोरीला? तर म्हणाले, "मी कारकून आहे. सांगशील ते लिहीन." तेव्हा कारकुनाकडून अपेक्षा ठेवू नकोस. हेही लिहा हो. लिहिलंत? बरं.

मला अक्षर येत नाही, पण चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ह्यांचं गॅरेज होतं. भात करपतोय ते मला नाकाने कळायचं आणि इंजिन करपतंय ते कानाने. कार्ब्युरेटर म्हणजे काय, चुलीला फुंकर घालणारी बाई. वारा जास्त झाला तर विझते, कमी झाला तर धूर. तेव्हा ती फुंकर बघ. जेटची भोकं बारीक असतात, त्यात डोळ्यालाही न दिसणारी घाण बसते. तारेने खरवडू नकोस, हवा मार. आणि टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायचं भोक असतं, ते बुजलं की टाकी दम कोंडून धरते. हे म्हणायचे, निम्म्या गाड्या झाकणाने बंद पडतात आणि निम्म्या मालकाने.

प्लगचा रंगही बघ. काळा, तांबूस की पांढरा ते लिही.

बाकी नळ्याबिळ्यांच्या नादी लागू नकोस. कार्ब्युरेटर नीट धुतलास तर होईल.

मामाच्या दुकानाचं म्हणशील, तर तिथे उभं राहून दिवसभर खोकल्याचं औषध द्यायचं. तुला माणसांचा खोकला कळत नाही, गाड्यांचा कळतो. घाई करू नकोस.

आजी


१३ फेब्रुवारी

आजी,

सांगितलंस ते सगळं केलं. जेटमधून हवा मारली. टाकीचं झाकण उघडं ठेवून गाडी चालवली. आठ मिनिटंच.

पण एक सापडलं. प्लग पांढराफटक आहे, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. मग गाडी बंद पडल्या क्षणी मी कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळातला स्क्रू सोडला. वाटी कोरडी. टाकी भरलेली आणि वाटी कोरडी. म्हणजे कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष आहे, त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचतच नाही.

ह्या गाडीचा पेट्रोलचा कॉक हाताने फिरवायचा नाही, हे तुला आठवत असेल. इंजिन श्वास ओढतं, तो ओढा एका रबरी नळीतून कॉकपर्यंत जातो, तिथला पडदा उचलतो आणि मग पेट्रोल खाली येतं. नळीतला ओढा कमी पडला की कॉक मिटतो. पडदा मी तपासला, धड आहे. राहिली नळी. गाडीबरोबर आलेल्या आजोबांच्या वहीत मात्र तिच्यापुढे लिहिलं आहे, "नवी. बदलू नये." दोनदा रेघ मारली आहे.

आजोबांना विचार ना, नळीला काही झालं असेल का? आठवतंय तितकं सांगायला सांग.

खटपटी


१७ फेब्रुवारी

चि. खटपटीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि आमच्या कारकुनाला कंठ फुटला. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी लिहायला घेतलं. ते असं:

"नळी मी स्वतः बसवली होती, गाडी बंद पडली त्याच्या पंधरा दिवस आधी. नंतर काढून, एक टोक बोटाने दाबून, दुसरं तोंडात धरून ओढली. जिभेला चिकटून राहिली. हवा येत नव्हती. नळी ठीक आहे. अशी जाड रबराची नळी आता मिळत नाही, कापू नकोस."

सहा वर्षांत ह्या विषयावर इतकं बोलले नव्हते. आता ते असं म्हणतात तर असेल तसंच. मला विचारशील तर वाटीत पेट्रोलवर तरंगतो तो फ्लोट बघ. तो वर अडकत असेल, म्हणून पेट्रोल येत नसेल. फ्लोटच असेल.

आज जास्त सांगत नाही. कंबर दुखते आहे. तू जेवतेस ना वेळेवर? केसात ग्रीस घेऊन कामावर जाऊ नकोस, म्हणजे येताना असलं तरी चालेल.

आजी


१९ फेब्रुवारी

आजी,

फ्लोट नव्हता. फ्लोट होता असं धरून मी त्याची उंची वाकवून बदलली, तीनदा. तिसऱ्यांदा तो ज्या पिनेवर झुलतो तिचा खांब तुटला. पन्नास वर्षं टिकलेला खांब माझ्या हातात आला. वेल्डरने कसाबसा जोडून दिला. त्याने पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं.

आजोबांनी सांगितलं तशी नळी काढून तोंडाने ओढून पाहिली. जिभेला चिकटून राहिली. तरी खात्री म्हणून बाजारातली साधी नळी आणून लावली. आठाची नऊ मिनिटं झाली आणि बंद. म्हणजे नळी नाहीच. मी उगीच आजोबांच्या शब्दावर संशय घेतला.

आता माझ्याकडे काही उरलं नाही. कॉक नाही, पडदा नाही, नळी नाही, जेट नाही, फ्लोट नाही. मग राहते मीच. मालक आता माझ्यासमोर उभे राहत नाहीत, लांबून बघून जातात. काल एका साध्या स्कूटरचा क्लच घट्ट करता करता मी तो पान्हा दुसऱ्याकडे दिला.

आजी, माझा हातच गेला आहे. कधी होता की नाही, कुणास ठाऊक. आईला सांगितलं आहे, एक तारखेपासून मामाच्या दुकानात येते म्हणून. गाडी टेम्पोने परत पाठवते. आजोबांना सांग, त्यांनी तेव्हा हत्यारं ठेवून दिली ते बरोबर केलं. कदाचित आपल्याकडे हे असंच येत असेल, रक्तातून, एका वयाला. मला जरा लवकर आलं.

खटपटी


२२ फेब्रुवारी

चि. खटपटीस,

आज आशीर्वाद शेवटी देईन. उरले तर.

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. "माझा हातच गेला आहे" इथे थांबले. सहा वर्षांपूर्वी हेच शब्द ह्यांनी ह्याच ओट्यावर बसून मला सांगितले होते. तेव्हा मी गप्प बसले. आज बसणार नाही. अहो, लिहा. आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर मी शेजारच्या शिंपिणीला बोलावीन, मग संध्याकाळपर्यंत गल्लीला पाठ होईल.

खटपटे, नळीला भोक आहे. मी पाडलं आहे.

पेन का उचललंत? लिहा. मी पाडलं आहे.

तुला आठवत असेल, तू पंधरा वर्षांची होतीस. घाट चढून धरणापर्यंत गाडीवरून न्यायचं ह्यांनी तुला कबूल केलं होतं. तू आठ दिवस आधीपासून पिशवी भरून बसली होतीस. त्याच आठवड्यात ह्यांनी दूधवाल्याच्या गाडीला डाव्या बाजूने घासलं आणि म्हणाले, गाडी वाकडी उभी होती. गाडी सरळ उभी होती, मी पाहिली होती. ताटाच्या डावीकडची वाटी ह्यांना दिसेना. पाणी भांड्याच्या बाहेर ओतायचे. मी म्हटलं, डोळे दाखवा, मग जा. म्हणाले, डोळे माझे आहेत. म्हटलं, मागे बसणारी पोर माझी आहे. म्हणाले, बायकांना घाट दिसला की भीती वाटते. असंच म्हणालात ना? मग लिहा तसंच.

मी तीन दिवस विनवलं. चौथ्या दिवशी, हे अंघोळीला गेल्यावर, पोती शिवायचं दाभण घेतलं. कुठे टोचायचं ते मला माहीत होतं. चाळीस वर्षं खिडकीतून बघून माणूस काहीतरी शिकतोच. नळी टाकीखाली जिथे वळते, त्या वाकाच्या वरच्या अंगाला, टाकीकडे तोंड असलेल्या बाजूला. हात घातल्याशिवाय कळणार नाही, आणि त्या दिवसांत ह्यांना दिसणार तर नव्हतंच.

मला वाटलं होतं, आठ दिवस गाडी बंद राहील. तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन. मग म्हणेन, बघा हो, नळी खराब दिसते. आणि झालंही तसंच, मोतीबिंदू निघाला, तीन महिन्यांत डोळे लख्ख झाले. पण तोवर ह्यांनी तो कार्ब्युरेटर नऊ वेळा खोलला होता. तू पिशवी घेऊन पायरीवर बसलेली, गल्लीतले चार जण बघायला आलेले, आणि ह्यांच्या हाताखाली गाडी आठ मिनिटांनी मरायची. दहाव्या दिवशी म्हणाले, माझा हात गेला. आणि गॅरेजला कुलूप लावलं.

तेव्हा सांगायला हवं होतं.  आज सांगू, उद्या सांगू. मग इतके दिवस झाले की सांगणं हे न सांगण्याहून मोठं पाप वाटायला लागलं. तू गाडी मागितलीस तेव्हा मला वाटलं, पोर नळी बदलेल, गाडी चालू होईल, आणि माझं भोक कचऱ्यात जाईल. पण बदलताना तुला भोक दिसलं तर? चोराच्या मनात चांदणं. म्हणून तुला नळीपासून लांब हाकत राहिले, हे लिहून घेत होते आणि मी फ्लोट फ्लोट करत होते. त्या फ्लोटचा खांब तू तोडला नाहीस, मी तोडला.

एक हात मी गिळला. दुसरा माझ्याच्याने गिळवत नाही.

आता नळीचं भोक तुझ्या तोंडाला का सापडलं नाही, ते मला कळत नाही. ते ह्यांना विचारते. हे मान वर करत नाहीत. लिहीत आहेत तेवढं लिहीत आहेत. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आहेत. आशीर्वाद घे, चालत असतील तर.

आजी

वरचं सगळं तिने सांगितलं तसंच लिहिलं आहे. एक शब्द गाळला नाही.

नळी काढली की सरळ होते. थंड आणि सरळ असली की दाभणाचं भोक मिटतं, म्हणून तोंडाला कळत नाही. गाडीवर ती वाकलेली असते, तापली की वाकावर ताण येऊन भोक उघडतं. मी पण सरळ धरूनच ओढली होती. तू लावलेली बाजारी नळी पातळ असणार. ती तापून वाकात चिमटली, म्हणून तेच लक्षण. आपण दोघांनी त्यावरून नळी निर्दोष ठरवली.

बाजारी नळीच लाव. वाक येतो तिथे आत स्प्रिंग सरकव, म्हणजे चिमटणार नाही. पेनातली स्प्रिंग बरोबर बसते. पाकिटात घातली आहे. म्हणून एवढं पेन्सिलीने लिहिलं.


२६ फेब्रुवारी

आजी, आजोबा,

दुपारी पाकीट आलं. नळी वाकवून पाण्यात धरली आणि फुंकली. बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. सरळ केली, माळ थांबली. मी पाच-सहा वेळा तेच करत बसले.

स्प्रिंग घातली, नळी बसवली. वीस मिनिटं चालली. मग चाळीस. मग मालकच म्हणाले, बंद कर, पेट्रोल संपेल. जुन्या गाड्यांचं काम माझं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वेल्डरने टाळी वाजवली, हातमोजा घालूनच.

मी त्यांना उद्या उत्तर देते म्हणाले.

खरं सांगू? मला हलकं वाटत नाही. भोक मी शोधलं नाही, तू सांगितलंस. स्प्रिंग मला सुचली नाही, आजोबांना सुचली. माझ्या हातून झालं ते एवढंच, की एक धड खांब तुटला. पुढची गाडी आठ मिनिटांनी बंद पडेल तेव्हा कोण दाभण घेतल्याचं कबूल करणार आहे? मामाच्या दुकानाला अजून नाही म्हटलेलं नाही. एक तारीख सोमवारी आहे, तीन दिवस आहेत.

आजी, तुझ्यावर रागावू की नको, कळत नाही. पायरीवर बसले होते ते मला चांगलं आठवतं. आजोबांच्या डाव्या बाजूची वाटी मात्र आठवत नाही. मी कधी बघितलीच नाही.

तिकडे कसं आहे?

खटपटी


२७ फेब्रुवारी

चि. खटपटीस,

एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलेलं तुझं पत्र आज सकाळीच आलं. हेही आज दुपारच्या एस.टी.ने जावं, तुला सोमवारच्या आत मिळावं म्हणून घाईने सांगते आहे. अक्षर वेगळं दिसेल. हे शेजारच्या शिंपिणीचं आहे. तिच्या अक्षराला शिवणीसारखं तिरकं जायची सवय आहे, सांभाळून घे. गल्लीला कळायचं ते कळो.

कारकुनाने नोकरी सोडली. बावीस तारखेपासून माझ्याशी एक शब्द नाही. ताट ठेवलं की जेवतात, पाणी दिलं की पितात, आणि नजर भिंतीला. एकदाच, परवा, ताटावरून उठताना म्हणाले, "सहा वर्षं." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? बाईमाणूस आयुष्यभर म्हणते, हे गप्प बसले तर किती बरं होईल. खटपटे, ते खरं नसतं.

पण तुझं पत्र त्यांनी वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पोस्टमनसारख्या आवाजात. मग उठले, चप्पल घातली आणि शिंपिणीच्या दारात जाऊन उभे राहिले. तिला म्हणाले, "ही लिहायला बोलावील तेव्हा माझं एवढं घाला." ते ती आता घालते आहे. मी ऐकते आहे, तुझ्याइतकंच पहिल्यांदा.

"पोरीला लिहा. प्लग पांढरा, वाटी कोरडी, म्हणजे कार्ब्युरेटर निर्दोष, हे तिने पहिल्या पत्रापासून दहा दिवसांत ओळखलं. मी नऊ वेळा कार्ब्युरेटर खोलला, पण वाटीचा स्क्रू एकदाही गाडी मरताक्षणी सोडून बघितला नाही. नळीवर बोट तिने तेरा तारखेला ठेवलं होतं. ते बोट मी उचलायला लावलं, कारण नळी माझ्या हातची होती. भोक सांगावं लागलं नसतं. तिला चार दिवसांत सापडलं असतं. दुकानात जायचं असेल तर औषधांची आवड आहे म्हणून जा. हात गेला म्हणून जाऊ नकोस. तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. हे मी बघून सांगतो आहे, आता डोळे चांगले आहेत."

शिंपीण म्हणते, शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

मी ह्याच्यात भर घालत नाही. माझा शब्द सध्या बाजारात चालत नाही. एवढंच सांगते, ह्यांची सहा वर्षं मी खाल्ली, ती परत देता येत नाहीत. तुझा एक दिवसही त्या खात्यात जाऊ देऊ नकोस. मामाला मी बघते. माझाच मुलगा आहे, त्याला अजून माझं भय वाटतं.

आणि एक. उद्या, रविवारी सकाळच्या गाडीने हे तुझ्याकडे येत आहेत. मला नाही सांगितलं, शिंपिणीला सांगितलं. भोक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे म्हणतात. किती दिवस राहणार, तेही सांगितलं नाही. दोन शर्ट घेतले आहेत, मी मोजले. त्यांना बसायला खुर्ची देऊ नकोस, काम दे. काही नसेल तर जेट धुवायला दे.

तिथे माझ्याबद्दल वाईट बोलले, तर मला कळवू नकोस. काहीच बोलले नाहीत, तर मात्र लगेच कळव.

आजी